रबरी हाताला काय विचारायचं

शंभरपैकी एक्क्याण्णव गुण मिळवून नापास झालेली माणसं मोजायला बसलं तर एका हाताची बोटंही पुरी लागणार नाहीत. ताईंनी ते करून दाखवलं होतं. निकालाच्या कागदावर वरच्या ओळीत ९१ होते, खालच्या ओळीत ‘अनुत्तीर्ण’ होतं, आणि त्या दोन ओळींच्या मधे जी बोटभर कोरी जागा होती, तिच्यात ताई दोन दिवस अडकून पडल्या होत्या.

परीक्षा वैद्यकीय सहायकाची. म्हणजे दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी जो माणूस आपल्याला हात लावतो, वजन करतो, रक्तदाब बघतो, रक्त काढतो, जखम पुसतो, त्याची. ताई हे सगळं अठरा वर्षं करत होत्या. कुठे शिकल्या म्हणाल, तर तिथेच, डॉक्टरांच्या हाताखाली, बघून बघून. मग नियम आला, की अमुक तारखेपासून प्रमाणपत्र नसलेल्या कुणीही पेशंटच्या अंगाला हात लावायचा नाही. नियम करणाऱ्यांनी उभ्या आयुष्यात जेवढ्या लोकांशी हात मिळवले असतील त्याच्या दसपट शिरा ताईंनी शोधल्या होत्या. पण नियमाला हे सांगणार कोण?

लेखी पेपर बरा गेला. प्रात्यक्षिकाची चार टेबलं होती, त्यातली तीन ताईंनी सहज पार केली. चौथ्यावर रबरी हात होता.

निळ्या कापडावर तळवा वर करून ठेवलेला, दंडाशी कापलेला, फिकट गव्हाळ रंगाचा हात. त्याला नखं होती, तळव्यावर रेषाही होत्या. वर खुंटीला लाल पाण्याची पिशवी लटकवलेली, तिची नळी हाताच्या आत गेलेली. शेजारी खुर्चीत जाड चष्म्याच्या परीक्षकबाई, मांडीवर तक्ता, हातात पेन. वेळ बारा मिनिटं. ताईंनी चार मिनिटांत हात धुतले, मोजे चढवले, पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली आणि पहिल्याच टोचणीत नळीत लाल पाणी आणलं. सुई काढून कापूस दाबला. रबरावर कापूस दाबताना त्यांना जरा हसू आलं, पण दाबला.

“झालं?” परीक्षकबाईंनी विचारलं.

“झालं.”

“आणखी काही?”

ताईंनी हाताकडे पाहिलं. “नाही. पुसून ठेवू का?”

परीक्षकबाईंचं पेन एका रकान्यावर थोडा वेळ थांबलं आणि मग खाली उतरलं. तक्त्यावर चौथ्या पायरीपुढे चांदणी होती. चांदणीची पायरी चुकली की बाकी सगळं बरोबर असलं तरी माणूस नापास. चौथी पायरी अशी: काय करणार आहोत ते पेशंटला सांगणे, चालेल का असे विचारणे, उत्तराची वाट पाहणे.

“अहो, रबराला?” निकाल आला त्या संध्याकाळी ताईंनी घरी सासूबाईंना विचारलं. “रबराला विचारायचं, चालेल का म्हणून?”

सासूबाई सुपारी कातरावी तशा बारीक आवाजात म्हणाल्या, “मला काय विचारतेस? त्या हाताला विचारायचं होतंस.”

खरं सांगायचं तर ताई विचारायला विसरल्या नव्हत्या. त्या कधी विचारतच नसत. तीच तर त्यांची कला होती. पेशंट बाही सरसावून बसला की ताई त्याला काहीतरी भलताच प्रश्न टाकायच्या: “तुमच्या मुलीचं घर बांधून झालं का हो?” पेशंटने उत्तराला तोंड उघडलं की पहिल्या शब्दाला सुई आत. तो घराचं सांगत सांगत स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचायचा तोवर कापूस दाबलेला असायचा. मग तो हाताकडे बघून म्हणायचा, “अरेच्चा, टोचलंत कधी?”

या ‘टोचलंत कधी’वर ताई अठरा वर्षं जगल्या होत्या. आधी सांगून टोचणं म्हणजे त्यांच्या लेखी माणसाला दोनदा टोचणं होतं, एकदा कानात आणि एकदा हातात. त्यामुळे रबरी हातासमोर त्यांना बोलायला काही उरलंच नाही. जे लक्ष दुसरीकडे वळवायचं, ते लक्षच रबराकडे नव्हतं.

पुन्हा बसायचं तर साठ दिवस थांबायचं होतं. डॉक्टरांनी ताईंना काढलं नाही. भला माणूस. त्यांनी ताईंना बाहेर नोंदणीच्या काचेमागे बसवलं आणि आतल्या खोलीसाठी प्रमाणपत्रवाली एक मुलगी घेतली.

“ताई, माझ्या हातात असतं तर मी तुम्हालाच आत ठेवलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “या वेळी पास व्हा, सकाळची पाळी तुमची. पण या वेळीही राहिलं, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. दोन्ही पाळ्या एकटी मुलगी किती दिवस ओढणार?”

“बघा की,” ताई म्हणाल्या. आवाज त्यांनी इतका सरळ ठेवला, की डॉक्टरांना त्यात राग शोधूनही सापडला नाही.

नवी मुलगी तेवीस वर्षांची, चुणचुणीत, केसांना घट्ट अंबाडा. पहिल्याच दिवशी ताईंना म्हणाली, “मावशी, आत कापूस कुठे ठेवता?” आता दवाखान्यात ‘ताई’ आणि ‘मावशी’ यांच्यात किती मजले असतात ते ज्यांनी दवाखान्यात काम केलंय त्यांनाच ठाऊक. मावशी म्हणजे लादी पुसणारी. मुलीच्या मनात तसं काही नव्हतं. तिला समोर आईच्या वयाची बाई दिसली, एवढंच. ताईंनी कापसाची जागा सांगितली आणि त्या दिवशी तीन पेशंटांची वयं चुकीची लिहिली.

आतली खोली नऊ पावलं लांब आणि सहा पावलं रुंद होती. ताईंना ती काचेमागून दिसत नसे, पण ऐकू यायची. मोज्यांच्या खोक्यातून मोजा ओढल्याचा आवाज, चाकाच्या स्टुलाचं एक चाक कुरकुरायचं तो आवाज. (ते चाक कुठल्या बाजूला वळवलं की गप्प बसतं हे फक्त ताईंना माहीत होतं आणि त्यांनी ते मुलीला सांगितलं नव्हतं.) खिडकीशी खुर्ची, खुर्चीच्या हाताला जिथे अठरा वर्षं लोकांनी कोपर टेकलं होतं तिथला रंग उडून गुळगुळीत झालेली जागा. त्या जागेवर ताईंचा डावा तळहात बसायचा, पेशंटच्या कोपराखाली. आता तो तळहात दिवसभर टेबलावर पालथा पडलेला असे. बसमध्ये समोरच्या माणसाने बाही दुमडलेली असली की ताईंची नजर त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत जाऊन परत यायची. एकदा एका गृहस्थाने हात झटकन पाठीमागे घेतला. त्याला वाटलं, बाईंचा डोळा घड्याळावर आहे.

घड्याळावरून आठवलं. दवाखान्यात दर चार आठवड्यांनी एक घड्याळवाले यायचे. म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी होती आणि ती कमी-जास्त करायला दर चार आठवड्यांनी रक्त तपासावं लागे. बोलणं कमी, शिरा त्याहून कमी. ज्या होत्या त्याही बोट ठेवलं की बाजूला सरकणाऱ्या. त्यांची शीर सापडायची ती फक्त ताईंना. बाकी ऐंशी पेशंटांच्या शिरांचा मिळून नसेल एवढा ताईंना अभिमान या एका शिरेचा होता.

नापास झाल्यानंतरच्या आठवड्यात ते आले. काचेशी वाकले.

“आत नाहीत तुम्ही?”

“बढती झालीय,” ताई म्हणाल्या. “आता फक्त नावं लिहायची.”

“मग माझं कोण?”

“आहे ना. शिकलेली आहे. माझ्यासारखी नाही.”

ते आत गेले. मुलीचा स्वच्छ, शाळेतल्या कवितेसारखा आवाज बाहेर आला: “काका, आता मी तुमच्या डाव्या हातातून रक्त घेणार आहे. थोडं टोचेल. चालेल का?” “चालेल,” काका म्हणाले. मग स्टुलाचं चाक कुरकुरलं, मग “सॉरी हं काका.” मग पुन्हा चालेल का, पुन्हा सॉरी. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन हातांवर मिळून तीन चिकटपट्ट्या होत्या.

ताईंनी त्या मोजल्या. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याच्या तळाशी थोडंसं काहीतरी गोडही लागलं. ते गोड लागलेलं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण आपण हिशेब लिहितो आहोत तर ते लिहायला हवं.

“विचारून तीनदा टोचण्यापेक्षा न विचारता एकदा टोचलेलं बरं,” त्या घरी म्हणाल्या.

“हे त्या चष्मेवालीला सांग,” सासूबाई म्हणाल्या. “चांदणी काढून टाकेल.”

तर तालीम करणं भाग होतं. टोचायची नव्हे, ती ताईंच्या बोटांना झोपेतही येत होती. बोलायची. मुलीनेच आपला जुना तक्ता आणून दिला. कोपरे दुमडलेले, चांदण्यांवर पिवळा रंग फासलेला. “मावशी, मी आरशासमोर करायचे,” ती म्हणाली. ताईंनी आरशासमोर करून पाहिलं. आरशातली बाई इतकी लाजली की दोघींनी नाद सोडला. मग लोडावर केलं. लोड परवडला, पण लोड काही म्हणत नाही, आणि वाट पाहायची कशाची हेच कळेना. शेवटी राहिल्या सासूबाई.

सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. गुडघे गेलेले, कान शाबूत, जीभ नवी कोरी. घरात दोघीच. ताईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी दिवे लागले की ताई सासूबाईंच्या पलंगाशी स्टूल ओढायच्या, हातात सुईऐवजी टोपण लावलेलं पेन, आणि सुरू.

“आता मी तुमच्या उजव्या हातातून रक्त घेणार आहे. थोडं टोचेल. चालेल का?”

“नाही.”

“आई, ‘चालेल’ म्हणायचं असतं.”

“कागदावर तसं लिहिलंय का?”

ताईंनी कागद पाहिला. कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, ‘रुग्ण नकार देऊ शकतो, कारण विचारू नये.’ हे वाक्य ताईंनी मोठ्याने वाचलं ही त्यांची चूक झाली. पन्नास वर्षं संसार, त्यात नकार द्यायची सोय नव्हती; आता सरकारी कागदाने दिलेली. सासूबाईंनी ती मनापासून वापरली. सोमवारी नाही. मंगळवारी नाही. बुधवारी हो म्हणाल्या आणि पट्टा बांधून झाल्यावर नाही म्हणाल्या. ताई चिडल्या की म्हणायच्या, “कारण विचारू नये.”

दुसऱ्या वेळी घड्याळवाले आले तेव्हा ताईंनी त्यांना बाहेरच थांबवलं आणि नोंदणीच्या टेबलाखालची शेकायची पिशवी गरम पाण्याने भरून त्यांच्या हातात दिली. “दहा मिनिटं धरून बसा. मग आत जाऊन सांगा, उजवा हात, कोपरापेक्षा दोन बोटं खाली, बाहेरच्या अंगाला.” पिशवी देणं म्हणजे हात लावणं नव्हे, असं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या दिवशी पट्ट्या दोन.

मुलगी दुपारी काचेशी आली. “मावशी, ते काका म्हणाले जागा तुम्ही सांगितलीत.”

“सांगितली.”

“मला आधी का नाही सांगितलीत?”

या प्रश्नाला ताईंकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. “तुझं स्टूल कुरकुरतं ना,” त्या म्हणाल्या, “डावं चाक भिंतीकडे कर.”

परीक्षेला सोळा दिवस राहिले होते त्या संध्याकाळची गोष्ट. ताई स्टूल ओढून बसल्या, तीन वाक्यं म्हणाल्या. आता ती वाक्यं त्यांच्या तोंडात बसत चालली होती. “चालेल का?”

सासूबाईंनी डोळे मिटले आणि किनऱ्या आवाजात म्हटलं, “तारीख पुढची घ्या!”

ताईंना हसू फुटलं. पेन खाली पडलं. हे वाक्य पोपटाचं होतं. एका वकिलाने पोपटाचा पिंजरा लिफ्टमध्ये ठेवला आणि दाराचं कुलूप पाहायला मागे वळला, तेवढ्यात लिफ्ट निघून गेली. पोपटाला एकच वाक्य यायचं, वकिलाच्या घरात रोज ऐकलेलं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची, दार उघडायचं, आणि लोकांना आतून ऐकू यायचं, तारीख पुढची घ्या. ही गोष्ट ताईंना यजमानांनी सांगितली होती, त्यांच्या आजारपणात. नंतर ताईंनी ती निदान दोनशे पेशंटांना सांगितली असेल. पहिल्या मजल्यावर पोपट बोलला की सुई आत.

“यांच्या पोपटाला काय तोड नव्हती,” ताई पेन उचलत म्हणाल्या.

“त्याचा कसला? माझा पोपट तो.”

“म्हणजे?”

सासूबाईंनी डोळे उघडले. बोलून गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं; पण या वयात शब्द मागे घ्यायचा तर तेवढा दम लागतो. “त्याच्या लिफ्टच्या गोष्टी दोन महिन्यांतच संपल्या की गं. अंथरुणावरचा माणूस, नवी लिफ्ट कुठून आणणार? मग मला म्हणायचा, आई, आज काहीतरी दे. मी रचून द्यायची. पोपट माझा. ती वरात अडकवून ठेवणारी म्हातारी माझी. तो गवई, खाली जाताना वरचा सूर लावणारा, तोही माझाच.”

“पण गोष्टी कशाला हव्या होत्या?”

“तू विचारायचीस ना. सहा वाजता.”

शेवटचे सात महिने यजमानांना रोज एक इंजेक्शन असे. संध्याकाळी सहाला ताई दवाखान्यातून धावत यायच्या, हात धुवायच्या, सिरिंज भरायच्या आणि पलंगावर बसून विचारायच्या, “मग, आज काय आठवलं?” यजमान गोष्ट सुरू करायचे. पहिल्या शब्दाला सुई आत. एकदाही ते हलले नाहीत, एकदाही कळवळले नाहीत. “कळलं?” ताई विचारायच्या. “टोचलंस कधी?” ते म्हणायचे. त्या सात महिन्यांतून ताईंनी स्वतःजवळ ठेवण्यासारखी एवढी एकच गोष्ट उचलून आणली होती: की बाकी काही टाळता आलं नाही, पण सुई तरी यांना कळली नाही.

“त्यांना कळायचं?” ताईंनी विचारलं.

“न कळायला तो काय दगड होता? तू ‘आठवलं’ म्हटलंस की टोचणार, हे पहिल्या आठवड्यातच कळलं त्याला.”

“मग बोलले का नाहीत?”

“तू ‘कळलं का’ विचारायचीस तेव्हा तुझं तोंड बघायचीस का कधी? तो बघायचा. म्हणायचा, आई, दिवसभरात तेवढंच हसते ती. कशाला घालवू?” सासूबाई पांघरुणाची किनार सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, “सकाळपासून तयारी करायचा. काय सांगू, कसं सांगू. सहा वाजायची वाट बघायचा तो. सुईची बघायचा असं नाही म्हणत मी.”

ताईंनी पट्टा गुंडाळला, पेन तक्त्यात ठेवलं. उठल्या नाहीत.

“मी विचारलं असतं तर हो म्हणाले असते ना?”

“हो म्हणाला असता. तुला कधी नाही म्हणाला तो?” सासूबाईंनी थोडा विचार केला. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, फक्त पोपट रचणाऱ्या होत्या. “पण एखाद्या दिवशी म्हणाला असता, आज जरा थांब.”

त्यानंतर चार दिवस तालीम झाली नाही. सात महिने म्हणजे दोनशे बारा दिवस. ताईंनी तेवढी इंजेक्शनं मोजून पाहिली, आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या संध्याकाळी ते ‘जरा थांब’ म्हणाले असते ते शोधत बसल्या. पावसाच्या त्या आठवड्यात, जेव्हा मांडीवर निळा डाग पडला होता? की ज्या दिवशी त्यांचे कामावरचे मित्र येऊन गेले आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते? थांबल्या असत्या तर काय झालं असतं? काही नाही. इंजेक्शन पाच मिनिटं उशिरा झालं असतं. त्या पाच मिनिटांत दोघं नुसते बसले असते. ते नुसतं बसणं आता कुठल्याही खिडकीवर रांगेत उभं राहून मिळण्यासारखं नव्हतं.

पाचव्या दिवशी सासूबाईंनीच बाही सरकवून हात पुढे केला. “चल. चांदणी राहिलीय तुझी.”

“चालेल का?” ताईंनी विचारलं, पट्टा न बांधता, आधीची दोन वाक्यं म्हणायच्याही आधी.

“विचारतेय बघा,” सासूबाई भिंतीला म्हणाल्या. “चालेल.”

परीक्षेच्या आधल्या दिवशी घड्याळवाल्यांची तिसरी खेप झाली. आतून मुलीचा आवाज आला, चालेल का आला, चालेल आला, आणि मग सॉरी आलाच नाही. बाहेर आले तेव्हा पट्टी एक. मुलगी मागोमाग काचेपर्यंत पळत आली. “ताई! एकात! पहिल्या फटक्यात!”

‘ताई’ म्हणाली ते तिच्या लक्षातही नव्हतं. ताईंच्या होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, साधारण अर्धा. उरलेल्या अर्ध्यात त्यांना एवढंच दिसलं, की जगात ती शीर सापडणारी माणसं आता दोन झाली आहेत आणि त्यातल्या एकीकडे प्रमाणपत्र आहे. उद्या नापास झालो, तर आपल्यावाचून तिथे कुणाचंच अडणार नाही.

“शहाणी गं,” त्या म्हणाल्या, आणि घड्याळवाल्यांना पुढची तारीख लिहून दिली.

परीक्षेचं दालन तेच होतं, खुर्चीही तीच, चष्माही तोच. परीक्षकबाईंनी ताईंना ओळखलं नसावं. किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं असावं, तसं करायचा त्यांना पगार होता. ताई तेविसाव्या होत्या. दालनात दिवसभराचा स्पिरिटचा वास साचला होता आणि रबरी हाताच्या कोपराच्या खळीत बावीस जणांनी केलेली भोकं दिसत होती.

ताईंनी हात धुतले. मोजे चढवले. मग तो हात दोन्ही हातांनी जरा सरळ केला, जसा झोपलेल्या माणसाचा करतात.

“आता मी तुमच्या हातातून रक्त घेणार आहे,” त्या म्हणाल्या. “थोडं टोचेल. चालेल का?”

आणि थांबल्या.

रबरी हाताच्या वतीने उत्तर द्यायचं काम परीक्षकाचं असतं. तसं नियमात लिहिलेलं आहे. पण त्या दिवशीचे बावीसच्या बावीस उमेदवार ‘चालेल का’ म्हणता म्हणताच पट्टा बांधायला लागले होते, त्यामुळे परीक्षकबाईंनी उत्तर देणं दुपारपासून सोडून दिलं होतं. त्या तक्त्यावर खूण करून पुढच्या पायरीची वाट बघत होत्या. पुढची पायरी येत नव्हती. घड्याळात अर्धं मिनिट गेलं. ताई स्टुलावर बसून होत्या, डावा तळहात त्या हाताच्या कोपराखाली, सुई अजून टोपणात. त्यांना कुठे जायची घाई दिसत नव्हती. लिफ्ट वरच्या मजल्यावर असली की बटण दाबून माणूस जसा उभा राहतो तशा त्या बसल्या होत्या. येईल, यायला वेळ लागतो.

एक मिनिट झालं. परीक्षकबाईंनी मान वर केली. रबरी हाताकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं.

“काय झालं? पुढे करा ना.”

“ते काही बोलले नाहीत अजून,” ताई म्हणाल्या.

परीक्षकबाईंचा चष्मा जरा खाली घसरला. “अं? अहो— हो. चालेल.” आणि मग, तक्त्यात नसलेलं, त्यांनी हळूच पुढे जोडलं, “चालेल. घ्या.”

आता अठरा वर्षांत न झालेली गोष्ट झाली. सुई शिरेच्या कडेला लागली, लाल पाणी आलं नाही. बाहेर न काढता किंचित मागे घेऊन पुन्हा वळवावी लागली, आणि त्याचे गुण गेले. वेळ लागला साडेअकरा मिनिटं. त्याचेही गेले. उठताना ताईंनी कापूस दाबला, आणि या वेळी त्यांना हसू आलं नाही.

अकरा दिवसांनी निकाल आला. वरच्या ओळीत ८४ होते.

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. “मागच्यापेक्षा सात कमी पडले की.”

“खालची ओळ वाचा, आई.”

त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. कागद परत देताना म्हणाल्या, “एक्क्याण्णवात नापास आणि चौऱ्याऐंशीत पास. तुमच्या परीक्षेचा काटा बिघडलाय.” पण जेवताना त्यांनी तो कागद ताटाशेजारी ठेवून घेतला.

सकाळची पाळी सुरू झाली. स्टुलाचं डावं चाक भिंतीकडे होतं. खुर्चीच्या हातावरची गुळगुळीत जागा तिथेच होती; ताईंनी कुणी यायच्या आधी तिच्यावर एकदा तळहात ठेवून पाहिला. पहिल्या आठवड्यात ‘टोचलंत कधी’ असं कुणीही म्हणालं नाही. म्हणणार कसं, ताईच आधी सांगायच्या. काहीजण दचकायचे. एक बाई म्हणाल्या, “पूर्वी तुमचा हात हलका होता हो.” ताईंनी ते ऐकून घेतलं. ‘टोचलंत कधी’ची त्यांना फार आठवण यायची, दिवसाला पाच-सहा वेळा तरी. ज्या माणसाने ते सगळ्यात जास्त वेळा म्हटलं होतं त्याच्या आवाजात यायची.

दुसऱ्या आठवड्यात घड्याळवाले आले. बाही सरसावली, उजवा हात गुळगुळीत जागेवर ठेवला, तोंड उघडून तयार बसले. प्रश्न येणार होता, मुलाचा, दुकानाचा, कसलातरी.

ताईंनी पट्टा बांधला. शीर बोटाखाली आली, सरकली, पुन्हा आली. “आता मी रक्त घेणार आहे,” त्या म्हणाल्या. “थोडं टोचेल. चालेल का?”

घड्याळवाल्यांनी तोंड मिटलं. “हे काय, तुम्हीपण?”

“मीपण.”

त्यांनी हाताकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं. कपाळावर घाम दिसला. या माणसाला सुईची भीती वाटते हे ताईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसत होतं. “थांबा जरा,” ते म्हणाले.

ताईंनी पट्टा सोडला. सुईवर टोपण चढवलं. बाहेर दोन पेशंट खोकत होते, मुलगी काचेमागे नावं लिहीत होती. ताई स्टुलावर बसून राहिल्या, तळहात त्यांच्या कोपराखाली.

बऱ्याच वेळाने घड्याळवाले म्हणाले, “तो पोपट सांगा.”

“ऐकलाय की तुम्ही दहादा.”

“म्हणूनच. तिसऱ्या मजल्यावर बोलला की टोचा. आधी नको.”

“बरं,” ताई म्हणाल्या. पट्टा पुन्हा बांधला, टोपण काढलं आणि सुरुवात केली. “एक वकील होते. त्यांनी पिंजरा लिफ्टमध्ये ठेवला आणि दाराचं कुलूप बघायला मागे वळले...”

लिफ्ट निघाली. पहिला मजला आला आणि गेला.